गेस्टचा अलाइनमेंट फॉल्ट इम्युलेटरमध्ये कसा उठवावा?

तुमचा प्रश्न असा, की जुन्या ४८६ प्रोसेसरचा इम्युलेटर (त्याची नक्कल करणारा प्रोग्राम) लिहिताय, गेस्ट प्रोग्रामनं (म्हणजे त्या नकलेत चालणाऱ्यानं) चारनं भाग न जाणाऱ्या पत्त्यावरून चार बाइट उचलले की अलाइनमेंटचा इंटरप्ट यायला हवा, पण तुमच्याकडे सगळं गुपचूप चालून जातं. ते चालतं, कारण तुमचा लॅपटॉप तसं वाचणं खपवून घेतो. होस्टच्या, म्हणजे त्या लॅपटॉपच्या, भरवशावर बसू नका. तपासणी तुम्हालाच लिहावी लागेल.

मी परभणीत राहतो. असाच एक इम्युलेटर घेऊन दोन उन्हाळे बसलो होतो, त्यातलं सांगतो.

पहिलं म्हणजे हा इंटरप्ट नाही, फॉल्ट आहे (इन्स्ट्रक्शन पुरी न होताच प्रोसेसर जो उठवतो तो), व्हेक्टर म्हणजे त्याचा क्रमांक १७. ३८६ मध्ये तो नव्हताच, ४८६ पासून आला. तीन अटी एकदम जुळल्या तरच उठतो: सीआर-शून्य या रजिस्टरमधला एएम बिट चालू, ईफ्लॅग्स या रजिस्टरमधला एसी बिट चालू आणि कोड रिंग ३ मध्ये, म्हणजे सगळ्यात कमी अधिकाराच्या पातळीवर (रिंग शून्य सगळ्यात वरची). दोन्हीकडे बिटचा नंबर १८च आहे, त्यामुळे मी बरेच दिवस एकच तपासत होतो. रिंग ३ मधून सेगमेंट डिस्क्रिप्टर (मेमरीच्या एका भागाची नोंद) लोड होतो तेव्हाचं वाचन मात्र रिंग शून्यचं धरतात, तिथं हा फॉल्ट नको. स्टॅकवर एरर कोडही ढकलायचा असतो, नेहमी शून्य. शून्यच आहे म्हणून सोडला, तर हँडलर (फॉल्ट हाताळणारा गेस्टचा कोड) चार बाइट जास्तीचे काढतो आणि आयरेट (हँडलरमधून परतायची इन्स्ट्रक्शन) भलतीकडेच जातो.

खरी गोम पुढं आहे. फॉल्टमध्ये जतन होणारा ईआयपी (इन्स्ट्रक्शनचा पत्ता ठेवणारं रजिस्टर) त्याच इन्स्ट्रक्शनवर असतो, म्हणजे हँडलरहून परतल्यावर ती पुन्हा चालणार. म्हणून फॉल्ट उठण्याआधी गेस्टचं एकही रजिस्टर हललेलं नसावं. माझा पुश (स्टॅकवर ढकलणारी इन्स्ट्रक्शन) आधी ईएसपीतून (स्टॅकच्या टोकाचा पत्ता ठेवणारं रजिस्टर) चार वजा करायचा, मग मेमरीत लिहायला जायचा. रात्री लाइट गेली होती म्हणून मोबाइलच्या उजेडात वहीवर हेक्समध्ये मांडत बसलो, तेव्हा सापडलं: टेस्टमध्ये ईएसपी मुद्दाम २०१९ ठेवलेला, लिहायचं २०१५ वर, तिथं फॉल्ट. हँडलरनं जतन केलेल्या ईफ्लॅग्समधला एसी पुसला आणि परतला. पुश पुन्हा चालला, आणि ईएसपी २०१५ ऐवजी २०११! चार बाइट कुठं गेले म्हणून मी तीन दिवस हँडलरलाच शिव्या घालायलो होतो. उपाय सोपा आहे: नवा पत्ता तात्पुरत्या व्हेरिएबलमध्ये काढा, तपासा, लिहा, आणि सगळं पार पडलं की मगच ईएसपीला द्या. पॉप, कॉल, एन्टर यांनाही हेच लागू.

पुढं कधी एसएसई (नंतरच्या प्रोसेसरमधल्या जादा इन्स्ट्रक्शन) घातलंत तर गल्लत करू नका: त्यातल्या मूव्हॅप्सला १६ नं भाग जाणारा पत्ता मिळाला नाही तर व्हेक्टर १३ येतो, १७ नाही, आणि त्याला एसी बिटचं काही देणंघेणं नसतं.

आणखी एक खड्डा. हँडलर रिंग ३ मध्येच असेल आणि त्याचा स्टॅक वाकडा असेल, तर फॉल्ट पोचवतानाच पुन्हा तोच फॉल्ट उठतो. १७ वर १७ आला तर डबल फॉल्ट (फॉल्ट पोचवताना दुसरा आला की उठणारा वेगळा फॉल्ट) होत नाही, त्यामुळे फेरा संपतच नाही. खऱ्या प्रोसेसरवरही हेच व्हायचं: गेस्टनं असं केलं की तो कोअर अडकून पडायचा, होस्टकडे ताबा परत यायचाच नाही. २०१५ साली हे उघडकीस आलं, तेव्हापासून केव्हीएम (लिनक्समधली व्हर्च्युअल मशीन चालवणारी सोय) हा फॉल्ट स्वतः अडवून मग गेस्टला देतो. तुमच्याकडे फॉल्ट उठवणारं फंक्शन पुशला आणि पुश पुन्हा त्यालाच बोलावत असेल, तर इम्युलेटरचाच स्टॅक फुटेल. तिथं रिकर्शन काढून लूप करा, आणि दर फेरीला बाहेरून थांबवता येईल अशी जागा ठेवा.

गेस्टची मेमरी सीमध्ये पॉइंटर कास्ट करून वाचत असाल तर तेही होस्टच्याच भरवशावर चालतं, ते बदला, मेमकॉपी (बाइट नकलणारं सीचं फंक्शन) वापरा. पण आधी वरचा पुशचा टेस्ट चालवा. परतल्यावर ईएसपी २०१५ आला का, तेवढं कमेंटमध्ये कळवा.