'सहकार्य करा' म्हणजे नक्की काय करा?

प्रश्न असा आलाय की श्रीमंत आणि गरीब देशांतल्या संशोधकांनी मिळून केलेल्या कामांवरचा एक रिपोर्ट मराठीत आणायचाय, पानोपानी 'कोलॅबोरेशन' आहे, तर सहकार्य लिहू, सहयोग लिहू का भागीदारी? आणि 'हेलिकॉप्टर रिसर्च'चं काय करू?

आधी सहकार्य. वरवर बघितलं तर चोख शब्द, 'कोलॅबोरेशन'च्या मूळ लॅटिनमधे एकत्र राबणं, आपल्याकडे सह आणि कार्य, संपला विषय. पण वापरात गोची आहे. 'काम चालू आहे, कृपया सहकार्य करावे' ही पाटी आठवा, तिथे आपण कुणाबरोबर मिळून काम करत नसतो हो, आपण गुमान वळसा घालून जातो. 'चौकशीत सहकार्य केलं' म्हणजे विचारलं तेवढं सांगितलं. ठरवणारा एक आणि ऐकणारा दुसरा, हा वास त्या शब्दाला आहेच.

आणि खरी गंमत विभक्तीत आहे. 'अमुक विद्यापीठाने तमुक संस्थेच्या सहकार्याने संशोधन केलं' या वाक्यात 'ने' दोनदा आलाय, पण पहिला कर्त्याचा 'ने' आणि दुसरा 'सुरीने कापलं' मधला 'ने'. म्हणजे तमुक संस्था सुरी झाली! आता नावं उलटी टाकून वाक्य वाचून बघा. खटकलं तर समजायचं की कामात बरोबरी नव्हती, आणि मग 'सहकार्याने'च ठेवा, उगाच गोड करू नका. नाही खटकलं तर 'दोघांनी मिळून केलं' किंवा 'संयुक्त संशोधन' लिहा.

सहयोगाचं दुखणं वेगळं. 'सह' आपल्याकडे दोन प्रकारचा आहे. सहप्रवासी, सहाध्यायी हे बरोबरीचे, पण सहसंपादक, सहसचिव, सहयोगी प्राध्यापक हे एक पायरी खालचे. सहलेखक बिचारा मधेच लटकतो, नमुने गोळा करून दिले म्हणून यादीच्या मधे कुठेतरी नाव टाकलं तरी तो सहलेखकच.

भागीदारी मला आवडतो कारण त्यात भाग आहे, नफ्यातही आणि नुकसानीतही. पण म्हणूनच जपून, जिथे प्रश्न कुठला घ्यायचा आणि पैसा कसा वापरायचा हे दोघांनी ठरवलंय तिथेच. सगळीकडे एकच शब्द चिकटवायचा हट्ट सोडा असंच मी सांगेन.

यातलाच एक शब्द, 'बेनिफिट शेअरिंग', तुमच्या रिपोर्टमधे येणारच. २०१० चा नागोया करार जैविक संपत्तीतून होणाऱ्या फायद्याबद्दल आहे, वनस्पती किंवा जीव एका देशाचा आणि त्यावरून उत्पादन काढणारा दुसऱ्या देशाचा असेल तर पहिल्याला त्यातला वाटा मिळायला हवा असं तो म्हणतो. याला लोक 'लाभाचं वाटप' लिहून मोकळे होतात. अहो वाटप मोफत वह्यांचं होतं, देणाऱ्याची मर्जी! भावाभावांत होते ती वाटणी, तिथे हक्क असतो. 'लाभातला वाटा' लिहा.

असहकार मात्र आपल्याकडे वजनदार शब्द आहे. २००७ च्या सुमारास इंडोनेशियाने बर्ड फ्लूचे नमुने जागतिक आरोग्य संघटनेला द्यायचे थांबवले, तक्रार अशी की आमच्या विषाणूवरून लस बाहेर बनणार आणि ती आम्हालाच परवडणार नाही. त्यानंतर वाटाघाटी होऊन २०११ मधे नमुने आणि लसींबद्दलची चौकट ठरली. इंग्रजी मजकुरात असं काही 'सहकार्याचा अभाव' अशा सुरात आलं असेल तर मराठीत बिनधास्त असहकार लिहा, अर्थ जास्त नेमका बसतो.

आता हेलिकॉप्टर. यायचं, नमुने उचलायचे, उडून जायचं, स्थानिक माणसाचं पेपरवर नावही नाही. उबिराजारा नावाच्या डायनोसॉरचं प्रकरण बघा. जीवाश्म ब्राझीलच्या अरारिपे खोऱ्यातलं, ठेवलेलं जर्मनीत कार्ल्सरूहच्या म्युझियममधे, आणि २०२० च्या डिसेंबरमधे त्यावर पेपर आला तर लेखकांत एकही ब्राझीलचा माणूस नाही. तिथल्या १९४२ च्या कायद्याने जीवाश्मं सरकारी मालकीची आहेत, त्यामुळे प्रचंड बोंब झाली, पेपर मागे घेतला गेला आणि २०२३ मधे जीवाश्म परत गेलं. 'हवाई संशोधन' करू नका, लोकांना विमानांवरचं संशोधन वाटेल. मला स्वतःला 'उपटसुंभ संशोधन' फार आवडतं, पण रिपोर्टमधे ते छापू देणार नाहीत. 'झडप घालून केलेलं संशोधन' असं पहिल्यांदा उलगडून लिहा आणि पुढे 'हेलिकॉप्टर संशोधन' चालू द्या.

हां, आणि श्रीमंत-गरीब देशांसाठी इंग्रजीत 'नॉर्थ-साउथ' म्हणतात, त्याचं 'उत्तर-दक्षिण' शब्दशः नको. जागतिक विकासावरच्या १९८० च्या ब्रँट अहवालापासून ही जोडी रुळली, पण त्या नकाशात ऑस्ट्रेलियासुद्धा 'उत्तरे'त येतो, मराठी वाचक गोंधळेल. सरळ श्रीमंत देश, गरीब देश लिहा.