वाचकांचे प्रश्न : ओलसर घर आणि घरगुती पर्याय

प्रश्न : आमचे कौलारू घर खानापूर तालुक्यात जंगलालगतच्या गावात आहे. पावसाळ्यात भिंती ओल धरतात आणि कपड्यांना कुबट वास येतो. सासूबाई न्हाणीत ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर वापरतात, कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवतात आणि संध्याकाळी डासांसाठी कॉइल लावतात. चार वर्षांच्या मुलाला वारंवार खोकला होतो. नैसर्गिक साफसफाईचा तयार संच घ्यावा असे मनात आहे, पण तो महाग आहे. नेमके काय बदलावे?
— एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, संचाचा विचार नंतर करू. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकाच ठिकाणी वापरणे मात्र आजच थांबवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. दोन्ही एकत्र आल्यास क्लोरीन वायू तयार होतो आणि पावसामुळे खिडकी लावून घेतलेल्या लहानशा न्हाणीत तो श्वासमार्गाला इजा करतो. लिंबू, चिंच आणि व्हिनेगर हीसुद्धा आम्लेच असल्यामुळे तीही ब्लीचिंग पावडरीत कधी मिसळू नयेत.

मुलाच्या खोकल्याच्या दृष्टीने मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती कॉइलची. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असल्याचे आढळले होते. कॉइलऐवजी कडुनिंबाचा पाला किंवा धूप जाळा, असे शेजारीपाजारी सांगतील. परंतु धूर पाल्याचा असला तरी तो छातीत जाऊन त्रास देतोच. निपाणीच्या शिवारात पिकणारा तंबाखूही निसर्गाचाच आहे, तरीही त्याचे पाणी झुरळांसाठी घरात फवारणे धोक्याचे असते, कारण निकोटीन कातडीतूनही अंगात भिनते. डासांसाठी मच्छरदाणी आणि खिडक्यांना बारीक जाळी हेच खरे उपाय आहेत. त्याचबरोबर परड्यातील बादल्या, कुंड्यांखालच्या थाळ्या आणि पाण्याचे रांजण आठवड्यातून एकदा रिकामे करून घासावेत आणि कोरडे होऊ द्यावेत. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागत असल्याने ती साखळी मध्येच तुटते.

डांबराच्या गोळ्यांतील नॅप्थलीनची वाफ कपड्यांत मुरते आणि ज्या मुलांमध्ये जन्मतः जी-सिक्स-पीडी या विकराची (रक्तपेशींना जपणाऱ्या एन्झाइमची) कमतरता असते, त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी तिच्यामुळे फुटू शकतात. पावसाने उघडीप दिली की कपडे उन्हात चांगले वाळवावेत आणि वेखंडाचे तुकडे सुती पुरचुंडीत बांधून कपाटात ठेवावेत. ती पुरचुंडी मुलाच्या हाताला लागू देऊ नये. ओले कपडे मात्र झोपण्याच्या खोलीत दोरीवर टाकू नयेत, कारण त्यांतील पाणी शेवटी भिंतीतच जाते. कौल गळत असेल तर ते आधी बदलावे; त्याशिवाय बुरशी कितीही पुसली तरी पुन्हा येते.

आपल्याकडे घरोघरी असलेली शहाबादी फरशी हा चुनखडीचा दगड आहे. त्यामुळे तिच्यावर ॲसिड तर नकोच, पण लिंबू किंवा व्हिनेगरही नको. दगड झिजून खडबडीत होतो आणि त्यात मळ अधिक बसतो. साबणाचे कोमट पाणी आणि जुन्या लुगड्याचे फडके तिला पुरेसे आहे. चिंच पितळेच्या भांड्यांसाठी आणि नळावरच्या पांढऱ्या डागांसाठी राखून ठेवावी. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस काढण्याची पद्धत हल्ली बरीच दिसते. त्यात दोन्ही एकमेकांना निष्प्रभ करतात आणि हाती जवळजवळ खारट पाणीच उरते.

भांड्यांसाठी दहा-बारा रिठे फोडून रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवावेत, सकाळी उकळून गाळावेत आणि दोन-तीन दिवसांत ते पाणी संपवावे. ते डोळ्यांत गेल्यास फार झोंबते, म्हणून मुलाच्या हाती लागू देऊ नये. घासण्यासाठी वाळलेल्या घोसाळ्याची जाळी उत्तम.

संचासाठी बाजूला ठेवलेले पैसे खिडक्यांच्या जाळीसाठी वापरावेत. एवढे करूनही खोकला दोन आठवड्यांहून अधिक राहिला किंवा रात्री छातीत घरघर ऐकू आली, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि घरात आजवर काय जाळले व फवारले, हे त्यांना सविस्तर सांगावे.