फडताळातले अकरा डबे

मदत घेतली की माणूस मिंधा होतो का, हा प्रश्न समुपदेशक म्हणून मला महिन्यातून दोनदा तरी ऐकायला मिळतो. शब्द वेगळे असतात. कुणी म्हणतं, नणंदेनं पोराची फी भरली, आता तिच्या तोंडाकडं बघवत नाही. कुणी म्हणतं, शेजारी देवमाणूस आहेत, पण समोरून येताना दिसले की मी गल्ली बदलते. या वहिनींनी विचारलं ते असं : "मॅडम, आमच्या फडताळात अकरा डबे साठल्यात. परत कसे द्यायचे, सांगा."

(घरातल्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.)

घर इचलकरंजीतलं. बारा माणसं, एक चूल. म्हातारी आई, थोरला भाऊ (त्याला सगळे अण्णा म्हणतात), या वहिनी आणि त्यांची तीन मुलं, धाकटा भाऊ, त्याची बायको आणि दोन मुलं, शिवाय नवरा वारल्यावर माहेरी आलेली बहीण आणि तिचा मुलगा. घरामागच्या शेडमध्ये एकेकाळी आठ साधे माग खर्चीवर चालायचे. म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, यांनी फक्त विणून मजुरी घ्यायची. मजुरी वाढेना, वीजबिल थांबेना. शेवटी माग मोडीत गेले, किलोच्या भावानं. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी या गावात पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून इथं माणसाची पत किती माग आहेत त्यावर मोजतात. आठचे शून्य झालेल्या अण्णांना दुसऱ्याच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची दुरुस्ती बघणारा, म्हणून लागताना काय वाटलं असेल, ते बाहेरच्याला पटकन कळायचं नाही.

तरी घर चाललं होतं. मग सायझिंगमध्ये (सुताला खळ लावतात त्या कारखान्यात) कामाला असलेल्या धाकट्याला मोटारसायकलवरून पडून मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून झालं, पण चार महिन्यांचा पगार कुठली योजना देणार? वहिनी आणि जाऊ दोघींनी फायनान्सचं गटकर्ज उचललं. आठवड्याच्या आठवड्याला हप्ता. पतसंस्थेचं जुनं कर्ज होतंच.

आणि डबे यायला लागले.

पाठवणारी मावशी पलीकडच्या गल्लीतली. यांच्या शेडमध्ये तिनं चौदा वर्षं कांड्या भरल्या होत्या, म्हणजे मागासाठी कांड्यांवर सूत गुंडाळायचं काम. एके संध्याकाळी तिनं आमटीचा मोठा डबा आणून उंबऱ्यावर ठेवला, "जास्त झाली" म्हणाली आणि गेली. दोन दिवसांनी उसळ. मग भाकऱ्या, पंधरा-वीस, फडक्यात बांधून. कुणी मागितलं नव्हतं, कुणी तिच्याकडं रडगाणं गायलं नव्हतं.

आपल्याकडं शेजारचा डबा रिकामा परत जात नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. वहिनींनी तेही केलं असतं. पण अण्णांनी अडवलं. "तसाच ठेव. पैसे आले की एकदम भरून देऊ." पैसे आले नाहीत, डबे येत राहिले. मावशीच्या घरचे स्टीलचे डबे संपले तेव्हा ती श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांतून पाठवायला लागली. हे सांगताना वहिनी हसल्या आणि हसता हसता रडल्या. कारण खरी गोष्ट पुढं होती : डबा आला त्या रात्री अण्णा "बाहेर खाऊन आलोय" म्हणत. बाहेर कुठं खाणार? खिशात चहापुरते पैसे. पँट आता सुतळीनं बांधत होते.

मी म्हटलं, त्यांना घेऊन या. ते तिसऱ्या खेपेला आले आणि खुर्चीच्या कडेवर बसले. अशा वेळी मी एक प्रश्न सरळ विचारते, आडवळणानं नाही : जीव द्यावासा वाटतो का? ते म्हणाले, "मी गेलो तर बारा जणांचं कोण बघणार?" नव्या समुपदेशकांना मी नेहमी सांगते, हे उत्तर नव्हे. पुन्हा विचारा. मी पुन्हा विचारलं. बराच वेळ गेला. मग म्हणाले, "वाटलं होतं एकदा. आता न्हाई." त्या दिवशी दुसरं काही बोललो नाही. टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर त्यांच्या आणि वहिनींच्या मोबाईलमध्ये घातला, आणि रात्री त्यांनी घरातल्यांबरोबर ताटावर बसायचं, चार घास का होईना, एवढंच ठरवलं.

पुढच्या भेटीत मी चूक केली. अण्णा म्हणाले, "माझ्या हाताखाली कांड्या भरत होती ती. तिच्या घरचं खायचं?" त्यांना जरा सोपं जावं म्हणून मी म्हटलं, "कदाचित तुमच्या वडिलांनी कधी तिला मदत केली असेल. ती फेडत असेल." पुरावा काही नव्हता, सुचलं ते बोलले.

माणूस घरी गेला आणि माळ्यावरून पगाराच्या जुन्या वह्या काढून बसला.

आठवड्यानं ते एक वही घेऊनच आले. लाल कापडी पुठ्ठा, आत वडिलांचं तिरकं अक्षर. मावशीच्या नावापुढं : उचल ५००, कपात ५०. पुढच्या आठवड्यात कपात ५०. त्याच्या पुढच्या आठवड्यात चार दिवस गैरहजर, कंसात "मुलगी दवाखान्यात". आणि कपात ५०. अण्णांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "एक आठवडा थांबला असता तर काय बिघडलं असतं, मॅडम?" मी त्यांना हलकं करायला गेले होते, आणि वर बापाचं ओझं चढवून बसले.

मग मी गावाकडची गोष्ट काढली. त्यांचं मूळ गाव शिरोळ तालुक्यात. तिथं पैऱ्यानं कामं चालत : आज तू माझ्या रानात भांगलायला ये, उद्या मी तुझ्या. मी विचारलं, एखादा आजारी पडला तर? "पुढच्या सुगीला फेडायचा." तेही जमलं नाही तर? "त्याचं पोरगं फेडतंय." मला वाटलं, सापडली किल्ली. पण अण्णांनी मान हलवली. "पैरा बरोबरीच्यांचा असतो. मालकाचा आणि कामगाराचा न्हाई."

बरोबर होतं त्यांचं. आणि दुखणं नेमकं कुठं आहे ते तिथं दिसलं. सूत देणाऱ्या व्यापाऱ्यानं दिवाळीला मिठाई आणि उसने पैसे दिले, ते याच माणसानं हसून घेतले होते, चार जणांत सांगितलेही होते. मदत घेणं त्यांना जड जात नव्हतं, कुणाकडून घ्यायची हे जड जात होतं. वरच्यानं दिलं की मान, खालच्यानं दिलं की अपमान. आणि आता ती वर-खालची उतरंडच मोडीत गेली होती, मागांबरोबर. हे मी त्यांना जवळजवळ याच शब्दांत सांगितलं. चिडले. पुढच्या भेटीला आले नाहीत.

मधल्या काळात वहिनी, जाऊ आणि नणंद अशा तिघी आल्या, आणि आम्ही हिशोबाला बसलो. हेही समुपदेशनच. ज्याच्या घरी उद्याचा हप्ता आहे त्याला मी श्वास मोजायला सांगितलं तर तो माझ्याकडं वेड्यासारखा बघेल. एका वहीत सगळे हप्ते लिहिले तेव्हा कळलं की जावेच्या कर्जातून वहिनींचा हप्ता जातोय आणि ते दोघींपैकी कुणी नवऱ्याला सांगितलेलं नाही. नवीन कर्ज बंद, हे तिथंच ठरलं. मग रेशनकार्ड. धान्य दर माणशी ५ किलो, २०२३ पासून फुकट. पण कार्डावर नावं नऊच. धाकट्याचं लहान पोर चढवलेलंच नव्हतं. नणंद आणि तिचा मुलगा अजून सासरच्या कार्डावर. तिकडून नाव कमी केल्याचा दाखला आणायला नणंदेला दोन खेपा आणि बराच अपमान सोसावा लागला, पण आणला. तीन नावं, महिन्याला १५ किलो. भिशीत वहिनींचा नंबर शेवटचा होता. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडून विचारलं, तर एका बाईनं आपला आधीचा नंबर सोडला. "मला काय, फ्रीजच घ्यायचा होता," म्हणाली.

अण्णांचं पुढचं मला वहिनींकडूनच कळलं. एका रविवारी त्यांनी अकराही डबे स्वतः घासले, पोत्यात भरले आणि मावशीकडं गेले. रिकामेच. सोबत ती वही. माफी मागायला मी सांगितलं नव्हतं, ते त्यांचंच. मावशीला वाचता येत नाही. त्यांनी ती ओळ वाचून दाखवली.

ती म्हणाली, "कापली तर कापली. उचल घेतली होती मी. तुझ्या बापानं कुणाला एक दमडी सोडली न्हाई, गल्लीला ठावं हाय."

"मग तू का देतीयास?"

"सहा माणसांचं करायची सवय. पोरगं गेलं पुण्याला बायका-पोरं घेऊन. हात आवरत न्हाई माझा." मग पोत्यात डोकावून, "बरं झालं आणलास. चटणीला डबा न्हवता घरात."

अण्णा तिथं जेवले नाहीत. चहा मात्र घेतला. घरी आल्यावर आईला एवढंच म्हणाले की मावशीचा मिक्सर घरघर करतोय, बघायला पाहिजे. बघितलाही, पुढच्या सुट्टीला. परतफेड म्हणून की जॉबरचे कान गप्प बसत नाहीत म्हणून, मी विचारलं नाही.

धाकटा आता काठीशिवाय चालतो, सायझिंगमध्ये बसून करायच्या कामावर लागलाय. पतसंस्थेचं कर्ज अजून आहे. अण्णा माझ्याकडं एकदा येऊन गेले, पंधरा मिनिटं, उभ्या उभ्या. पँटला पट्टा होता.

शेवटच्या भेटीला वहिनींनी माझ्या टेबलावर श्रीखंडाचा एक डबा ठेवला. आत कोल्हापुरी चटणी. येणाऱ्यांकडून भेटवस्तू घेऊ नये हा आमच्या व्यवसायातला दंडक, आणि मी तो बरीच वर्षं पाळत आले आहे. तोंडातून "नको, वहिनी" निघणारच होतं. त्यांच्याकडं बघितलं आणि डबा पर्समध्ये ठेवला. चटणी संपून पंधरा दिवस झाले. डबा धुऊन ओट्यावर पालथा आहे.