'ग्रोथ मॅनेजमेंट' : वाढ की विकास?

प्रश्न असा आहे : प्रादेशिक नियोजनावरच्या लेखाचं भाषांतर करताना 'ग्रोथ मॅनेजमेंट'ला (म्हणजे शहर कुठे, किती आणि किती वेगाने वाढावं हे ठरवणाऱ्या धोरणाला) 'विकास व्यवस्थापन' म्हणावं की 'वाढ नियंत्रण'?

'विकास' आधी बाजूला काढू. नियोजनाच्या मराठीत ती जागा 'डेव्हलपमेंट'ने केव्हाच अडवली आहे : विकास योजना, विकास हक्क, विकास नियंत्रण नियमावली. शिवाय विकास म्हटलं की कौतुक आलंच. वाढ तटस्थ असते. गवत वाढतं, कर्ज वाढतं, शहरही वाढतं.

खरी पंचाईत दुसऱ्या पदाची, 'मॅनेजमेंट'ची, कारण धोरणच बदलत गेलं. 1972 साली कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा शहराने वर्षाला साधारण 500 नव्या घरांचीच मर्यादा घातली. बिल्डर कोर्टात गेले, पण 1975 मध्ये अपील न्यायालयाने योजना उचलून धरली. याला 'वाढ नियंत्रण' बिनदिक्कत म्हणा. अमेरिकेतल्याच ऑरेगॉन राज्याने मात्र 1973 च्या कायद्याने वेगळी वाट धरली. शहरांनी भोवती रेषा ('अर्बन ग्रोथ बाउंड्री') आखायची, आत वस्ती, बाहेर शेती आणि जंगल. आत 20 वर्षांच्या घरांना पुरेल एवढी जमीन हवीच, म्हणजे ठरावीक काळाने हिशेब पुन्हा मांडायचा आणि कमी पडली तर रेषा सरकवायची. तिथल्या पोर्टलंड शहराची 1979 मधली रेषा पुढे बऱ्याचदा बाहेर सरकली. (तेव्हा 'लक्ष्मणरेषा' लिहायचा मोह आवरा.) 'हद्द'ही नको, ती महापालिकेची वाटते, 'वाढसीमा' बरी. हे रोखणं नव्हे, नियमन आहे.

फ्लोरिडाने 1985 मध्ये अट घातली की रस्ते, पाणी, सांडपाण्याची सोय बांधकामाच्या जोडीने झाली पाहिजे. 2011 मध्ये रस्ते आणि शाळांपुरती ती स्थानिक संस्थांच्या मर्जीवर सोडली. पाणी-सांडपाण्याची तशीच राहिली. मेरीलँडच्या 1997 च्या 'स्मार्ट ग्रोथ'मध्ये तर बंदीपेक्षा पैशावर भर : राज्याचा निधी ठरवून दिलेल्या भागांतच. ('शहाणी वाढ' करू नका, वाचक हसेल.)

म्हणून लेखाच्या शीर्षकात 'वाढ नियमन' आणि घरांच्या संख्येवर मर्यादा घातली असेल तिथेच 'नियंत्रण', असं मी लिहीन. 'व्यवस्थापन' चूक नाही, पण हल्ली ते कशालाही चिकटवतात.