जमलेले पैसे कुणाच्या खात्यात?

प्रश्न : गड्ड्याची यात्रा उरकल्यावर आम्ही पालकांनी शाळेत आनंदमेळा भरवला. शेंगाचटणी, कडक भाकरी, हुरडा विकून ४२,००० रुपये जमले. वाचनालयाला कपाटं घ्यायची होती. मुख्याध्यापक म्हणतात, पैसे संस्थेच्या खात्यात भरा. काय करावं?
– एक पालक, जुळे सोलापूर

उत्तर : घाईने भरू नका, घरीही ठेवू नका. संस्थेच्या सर्वसाधारण खात्यात गेलेली रक्कम ताळेबंदात ‘इतर जमा’ होऊन बसते. मग कपाटांचा हिशेब मागायचा कुठे? पण मुख्याध्यापकांचीही बाजू आहे. शाळेच्या नावाने पैसा गोळा झाला की जाब त्यांनाच विचारतात.

खासगी शाळांसाठीच्या २०११ च्या शुल्क कायद्यानुसार पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष मुख्याध्यापक, उपाध्यक्ष पालक आणि सचिव शिक्षक असतात. म्हणजे ‘आम्ही’ आणि ‘ते’ एकाच समितीत आहात! तिची बैठक बोलवा. ठरावात रक्कम, कारण आणि मुदत लिहा. ‘शालोपयोगी कामासाठी’ असं मोघम लिहू नका, भांडणं तिथूनच सुरू होतात. ‘वाचनालयाची ४ लोखंडी कपाटं’ असं लिहा. संघाचं स्वतंत्र खातं काढून मुख्याध्यापक आणि एक पालक अशा दोन सह्या ठेवा. तीन दरपत्रकं घ्या, पैसे चेकने द्या, कपाटं शाळेच्या जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत चढवा.

पुढच्या मेळ्यात क्रमांक छापलेली कुपनं विका. एखाद्या पालकाच्या स्वतःच्या फोनवरचा क्यूआर कोड मात्र नको. घरखर्चात मिसळलेली रक्कम नंतर प्रामाणिक माणसालाही वेगळी काढून दाखवता येत नाही.