एकच माणूस कॉलेजात तीन-चार खेळांचा कोच असू शकतो का? असं कुणाचं करिअर झालं आहे का?

झालंय की, आणि साठ वर्षांहून लांब. अमेरिकेतल्या ॲमॉस अलोन्झो स्टॅग यांचं.

जन्म १८६२ चा, न्यू जर्सीतला. येल विद्यापीठात गेले ते पाद्री व्हायला. तिथे बेसबॉलचे नामांकित पिचर (चेंडू टाकणारे) झाले, व्यावसायिक संघात खेळायचं बोलावणं आलं, ते नाकारलं. पुढे लक्षात आलं की लोकांपुढे उभं राहून प्रवचन देणं आपल्याला जमत नाही. मग शिकवायचं ते मैदानावरच, असं ठरवून स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए (ख्रिस्ती तरुणांची संघटना) प्रशिक्षण शाळेत गेले. जेम्स नायस्मिथ यांनी बास्केटबॉल शोधला तो याच शाळेत. मार्च १८९२ मध्ये लोकांसमोर पहिला सामना झाला, शिक्षक विरुद्ध विद्यार्थी. शिक्षक ५-१ असे हरले. तो एकुलता एक गोल स्टॅग यांचा!

त्याच वर्षी नव्याने सुरू झालेल्या शिकागो विद्यापीठाने त्यांना बोलावलं. पहिल्या हंगामात फुटबॉलला (म्हणजे अमेरिकी फुटबॉल, हातात चेंडू घेऊन पळायचा तो) पुरेशी पोरं मिळेनात, तर कोचसाहेब स्वतःच संघात उतरले. तिथे फुटबॉल ४१ हंगाम, ॲथलेटिक्स तीसेक वर्षं, बेसबॉल वीसेक वर्षं, आणि बास्केटबॉलचाही एक हंगाम.

हे जमलं कसं? एक तर खेळांचे हंगाम वेगवेगळे. फुटबॉल शरद ऋतूत, बास्केटबॉल हिवाळ्यात, बेसबॉल आणि ॲथलेटिक्स वसंतात. पण माझ्या मते खरं कारण त्यांच्या नेमणुकीत आहे. येलमध्ये त्यांना शिकवलेले हार्पर आता शिकागोचे अध्यक्ष होते. त्यांनी स्टॅग यांना नुसतं कोच म्हणून न घेता शारीरिक शिक्षण विभागाचं प्राध्यापकपद दिलं, तेही कायम. दोन हंगाम हरले म्हणून घरी पाठवायचा प्रश्नच नाही. अशी नोकरी असली की माणूस निवांतपणे चार खेळ सांभाळतो आणि डोकंही चालवतो. टॅकल (चेंडूवाल्याला धरून पाडणं) शिकवायला माणसाऐवजी गुंडाळलेली गादी टांगायची युक्ती त्यांच्याच नावावर सांगतात. आता मोठ्या विद्यापीठांत फुटबॉल कोचला वर्षभर नवी पोरं हेरत फिरावं लागतं आणि पगार कोट्यवधींचा असला तरी नोकरी निकालावर टांगलेली असते. दुसऱ्या खेळाकडे बघायला सवड कुठली? छोट्या कॉलेजांत मात्र क्रॉस-कंट्री (माळरानावरची लांब धाव) आणि ॲथलेटिक्स एकाच माणसाकडे असणं आजही अगदी नेहमीचं आहे.

स्टॅग यांनी सत्तरी गाठल्यावर शिकागोने त्यांना मैदानावरून बाजूला केलं. सल्लागारासारखं पद देऊ केलं होतं, ते त्यांनी घेतलं नाही. कॅलिफोर्नियातल्या कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये नव्याने सुरुवात केली आणि १९४३ मध्ये, ८१ व्या वर्षी, देशातले सर्वोत्तम फुटबॉल कोच ठरले. (त्याच्या आदल्या वर्षी, शिकागोत त्यांच्या नावाच्या स्टेडियमच्या स्टँडखाली भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मींनी जगातली पहिली अणुभट्टी चालवून दाखवली होती. विद्यापीठाने तोवर फुटबॉल बंदच केला होता.) कॉलेज फुटबॉलमधला त्यांचा ३१४ विजयांचा विक्रम १९८१ मध्ये अलाबामाचे कोच बेअर ब्रायंट यांनी मोडला.

या करिअरमध्ये पत्नी स्टेला यांचा वाटा मोठा, तो सहसा सांगितला जात नाही. लग्न १८९४ चं. प्रतिस्पर्ध्यांचे सामने बघून त्या टिपणं काढत.

पॅसिफिकहून निघाल्यावर १९४७ पासून ते पेनसिल्व्हेनियात, सस्क्वेहाना विद्यापीठात मुलाच्या जोडीने कोचिंग करत. थांबले १९५२ मध्ये, नव्वदीला आल्यावर, आणि तेही स्टेला यांची तब्येत साथ देईना म्हणून. पुन्हा कॅलिफोर्नियात, स्टॉकटनला परतले. तिथेही गप्प बसवेना, स्थानिक कॉलेजच्या पोरांना किक मारायला शिकवू लागले. १९६५ मध्ये गेले, १०२ वर्षांचे होऊन.