पर्समध्ये मावणारं पिस्तूल

(ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका बंदुकीच्या दुकानात 38 वर्षं दुरुस्तीच्या टेबलावर बसलेल्या काकांना वाचकांनी विचारलेले प्रश्न)

प्रश्न: काका, मुरारला माझं औषधांचं दुकान आहे. यजमान गेल्यापासून मीच बघते. रात्री साडेदहाला शटर ओढते आणि गल्ला घेऊन स्कूटीवरून थाटीपूरला येते. मागच्या थंडीत एकच मोटरसायकल दोनदा घरापर्यंत मागे आली. पिस्तूल-रिव्हॉल्वरच्या परवान्याची फाईल दीड वर्ष भोपाळला पडून होती, ती आता मंजूर झाली आहे. मुलगा म्हणतो नऊ एमएम घे. दुकानदार पंचवीस बोरची जुनी विलायती दाखवतोय, अगदी मुठीत मावते. मला वाटतं, पर्समध्ये राहील इतकी लहान असली म्हणजे झालं. काय घेऊ?
— एक वाचक भगिनी, थाटीपूर

उत्तर: ताई, मुलाचं आधी निस्तरतो. नऊ एमएम आपल्याकडे प्रतिबंधित बोर (म्हणजे नळीचं माप) आहे, तुमच्या परवान्यावर ती मिळणार नाही. त्यानं ती मोबाइलवरच्या मालिकांत पाहिली असणार. सामान्य माणसाला नव्या छोट्या हत्यारात सहसा मिळतं ते बत्तीस किंवा बावीस बोर.

आता ती मुठीत मावणारी विलायती. ऐंशीच्या दशकात आयात बंद झाली, तेव्हापासून हा जुना माल हातोहात फिरतोय आणि दर फेरीला महाग होतोय. माझ्या टेबलावर अशा कितीतरी आल्या. दिसायला दागिना! पण आतली स्प्रिंग थकलेली, सुटा भाग कुठून आणायचा याचं उत्तर नाही, आणि गोळीसाठी गावोगाव फोन करायचे. शिवाय जितकी लहान तितकी सोपी, हा समज साफ उलटा आहे. नळी आखूड म्हणजे नेम धरायला जागा कमी. मूठ इवलीशी म्हणजे करंगळी हवेत. वजन कमी म्हणजे झटका सगळा तुमच्या मनगटाला. लहान पिस्तूल लपवायला सोपं, चालवायला अवघड.

उरलं आपलं देशी बत्तीस बोर. त्यात दोन वाटा आहेत. एक ऑर्डनन्स फॅक्टरीची ‘अशनी’, म्हणजे मॅगझीनवाली (मुठीत सरकवायची गोळ्यांची डबी असलेली) पिस्तूल. चपटी असते, कपड्यात फुगवटा येत नाही, मॅगझीनमध्ये आठ गोळ्या. दुसरी सहा गोळ्यांची रिव्हॉल्वर. त्यातली ‘निर्भीक’ 2014 साली खास बायकांसाठी म्हणून निघाली. टायटॅनियमची, वजन अर्धा किलो, किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या आसपास. नाव ठेवलं दिल्लीच्या ‘निर्भया’च्या आठवणीनं. किंमत ऐकून आमच्या दुकानातल्या बायका पर्सची चेन लावून निघून जात, ते वेगळं. 2023 मध्ये कानपूरहून ‘प्रबल’ आली. तिचं सिलिंडर बाजूला उघडतं. आधीच्या देशी रिव्हॉल्वर मधल्या बिजागरीवर वाकवून उघडाव्या लागतात. एक ध्यानात ठेवा, बत्तीसची पिस्तुलाची गोळी आणि बत्तीसची रिव्हॉल्वरची गोळी या दोन वेगळ्या गोळ्या आहेत. नावाला फसून चुकीचा डबा आणणारे मी पैशाला पासरी पाहिले.

दोन्हींतली कोणती, हे माझ्याआधी तुमचा हात सांगेल. दुकानात जा आणि हत्यार रिकामं करून दाखवायला सांगा. मॅगझीन काढलं म्हणजे रिकामं झालं, असं नाही. एकदा एक गिऱ्हाईक मॅगझीन काढून म्हणाले, ‘खाली है।’ मी त्यांच्या तोंडाकडे पाहून विश्वास ठेवला. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, एक राहिली होती. ती माझ्या ड्रॉवरमधून आरपार गेली आणि खालच्या तेलाच्या बाटलीत शिरली. तीन दिवस टेबलाखाली तेल पुसत होतो. चूक त्यांची पाव, माझी पाऊण. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढून आत करंगळी घालून बघायचं, मग पुढचं बोलायचं.

रिकामं झालं की अशनीची स्लाइड पाच वेळा सलग मागे खेचा. ती स्प्रिंग चांगलीच कडक असते. औषधाच्या पट्ट्या कापून कापून तुमच्या अंगठ्याचा सांधा दुखत असेल, तर तिसऱ्या खेपेलाच कळेल. मग रिव्हॉल्वर घ्या आणि घोडा न चढवता नुसता चाप ओढा, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या एका तारखेवर नजर ठेवून. दहा वेळा. हा चापही जड असतो. माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, त्या तारखेवरून किती हलते ते बघा. चौकटीबाहेर गेली, तर खऱ्या वेळी गोळी कुठे जाईल याचा अंदाज करा. मला विचाराल तर पन्नाशीच्या, रोज सराव न होणाऱ्या बाईला मी रिव्हॉल्वर देईन. एखादी गोळी उडालीच नाही तर पुन्हा चाप ओढायचा, सिलिंडर फिरतं, पुढची येते. पिस्तुलात अडकलेली गोळी अंधारात, थरथरत्या हातानं काढणं माझ्यासारख्यालाही जमेलच असं नाही.

आता पर्स. नको! दौलतगंजातल्या एका वहिनींची रिव्हॉल्वर माझ्याकडे आली होती, बंदच होईना. भिंग लावून पाहिलं तर रिकामी काडतुसं बाहेर ढकलणारी जी चांदणी असते, तिच्याखाली बडीशेपेचा एक दाणा. एका दाण्यानं सव्वा लाखाचं काम अडवलं होतं. नळीत पावडर होती, ते निराळं. आणि स्कूटीवर चोर आधी काय ओढतो? पर्सच. म्हणजे गल्लाही त्याचा, हत्यारही त्याचं. कमरेला चाप पूर्ण झाकणारं कातडी होल्स्टर लावा, वर सैल कुडता किंवा जाकीट. साडीवर हे साधत नाही, तेव्हा दुकानात सलवार-कुडता. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणेही हत्यार होल्स्टरमध्ये आणि झाकलेलं असावं लागतं. आपल्या भागात खांद्यावर दुनाली बंदूक टाकून बाजार करणारे दिसतात, त्यांचं बघू नका.

एक कडू बोलतो. दोन्ही हात हँडलवर असताना मागून धक्का बसला, तर कमरेचं हत्यार कमरेलाच राहतं. म्हणून गल्ला रोज नेऊ नका, वेळ बदला, शेजारच्या दुकानदाराबरोबर निघा. मोटरसायकलचा नंबर ठाण्यात लिहून दिलात का? पत्रात तसा उल्लेख नाही. स्वसंरक्षणाचा हक्क नव्या भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 मध्ये आहे, पण त्याला माप आहे. जरूर तेवढंच बळ, आणि पोलिसांकडे जायला सवड असेल तर हा हक्क नाही. एखाद्या वकिलाकडून ही कलमं मराठीत नाहीतर हिंदीत समजून घ्या, मगच गोळ्यांचा डबा आणा.

याच शहरातून जानेवारी 1948 मध्ये गांधीहत्येचं ते छोटं इटालियन बेरेटा पिस्तूल दिल्लीला गेलं होतं. खिशात मावणारं. पिस्तूल घ्यायला आलेल्या प्रत्येकाला माझे वडील ते आठवून द्यायचे. गिऱ्हाइकं नाराज व्हायची, मालक तर फारच.

प्रश्न: वडिलांच्या परवान्यावर बारा बोरची बंदूक, तीनशे पंधरा बोरची रायफल आणि रिव्हॉल्वर अशी तीन हत्यारं आहेत. पुतण्याच्या लग्नात वरातीत बारा बोरचे दोन बार काढले तर चालेल ना?
— एक वाचक, नया बाजार

उत्तर: दोन्ही बाबतीत नाही. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर दोनच हत्यारं. तिसरं डिसेंबर 2020 पर्यंत जमा व्हायला हवं होतं, तेव्हा उद्याच वकील गाठा. आणि वरातीत बेफिकीर बार काढला तर त्याच दुरुस्तीनं दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बँड चांगला लावा.